देणाऱ्यानेही उभं राहायचं

सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत शुक्रवारी गाळे बंद असतात. प्लास्टिकची, पत्र्याची, पुठ्ठ्याची सगळी यंत्रं त्या दिवशी गप्प असतात आणि गोदामांपुढे रखवालदार खाटा टाकून बसलेले दिसतात. इथल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. म्हणूनच परदेशातल्या दात्यांची मेल आली, की त्यांचे परीक्षक येत्या शुक्रवारी आमचं पाळणाघर बघायला येणार आहेत, तेव्हा मी आधी हसले आणि मग सरांना फोन लावला.

सर म्हणजे आमच्या छोट्याशा संस्थेचे अध्यक्ष. वटारचे, निवृत्त मुख्याध्यापक, घरची केळीची वाडी. रविवारी चर्चमधली मिस्सा चुकवत नाहीत आणि सोमवारी पाळणाघराची फेरी चुकवत नाहीत. रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत कुणालाही झापायची त्यांची तयारी असते, पण पाहुणा म्हटला की ते विरघळतात. मी गोखिवऱ्याची. म्हणजे माहेर चिपळूणकडचं, पण लग्नानंतरचं सगळं आयुष्य गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये गेलं. आधी बालवाडीत शिकवायचे, नंतर सरांनी या कामात ओढलं. कागदोपत्री मी पाळणाघराची व्यवस्थापक आहे. प्रत्यक्षात पत्रव्यवहार करणारी, गॅसवाल्याशी भांडणारी आणि स्वयंपाकीण आली नाही तर खिचडी टाकणारी, सगळं मीच.

"सर, त्यांना कळवा की शनिवारी या," मी म्हटलं.

"ताई, इतक्या लांबून येणाऱ्या माणसाला आज नको, उद्या या, असं म्हणायचं? आपल्याकडे असं कुणी म्हणतं का?"

"मग काय रिकामं पाळणाघर दाखवणार?"

"रिकामं कशाला? मुलं आणू."

मी म्हटलं, आपल्या मुलांच्या आयांना आठवड्यात तो एकच दिवस मिळतो. कपडे, बाजार, गावाकडे फेरी, सगळं त्याच दिवशी असतं. सर म्हणाले, म्हणूनच त्यांना त्रास द्यायचा नाही. मुलं दुसरीकडून आणू, एका सकाळचा तर प्रश्न आहे. मी पुष्कळ डोकं फोडलं. शेवटी कार्यकारिणीने माझा विरोध नोंदवून घेतला आणि वटारची आणि माझ्याच इमारतीतली मुलं न्यायचं ठरवलं.

पाळणाघर कशासाठी होतं ते इथेच सांगते, नाहीतर पुढची माझी चिडचिड वाचणाऱ्याला उगाच वाटेल. एका बंद पडलेल्या गाळ्यात आम्ही ते चालवतो. आसपासच्या गाळ्यांत काम करणाऱ्या बाया सकाळी मुलं सोडतात आणि संध्याकाळी घेऊन जातात. त्यांच्यातली एक, डब्यांच्या गाळ्यात झाकणं बसवते. इथल्याच खाडीकाठच्या गावची. नवरा मिळेल ते काम करतो, आणि पुष्कळदा मिळत नाही. पाळणाघर सुरू होण्याआधी तिच्या धाकट्या मुलाला तिची मोठी मुलगी सांभाळायची. त्यासाठी पोरीने शाळा सोडली होती. पाळणाघर सुरू झालं आणि आईने पहिलं काम काय केलं, तर पोरीला पुन्हा शाळेत नेऊन बसवलं. आता ती सहावीत होती. पाळणाघर बंद पडलं तर ती पोरगी पुन्हा घरी बसणार, हे मला, सरांना आणि त्या आईला लख्ख माहीत होतं. नव्हतं ते फक्त दात्यांना.

तर तो शुक्रवार. दारात रांगोळी, हातात हार, आणि सरांनी वटारहून टेम्पोत बसवून आणलेली मुलं, सगळी मिस्सेला जायच्या कपड्यांत. माझ्या इमारतीतली मुलं पायांत दिवे लागणारे बूट घालून आली होती. मी मागे चहाचं बघत होते. परीक्षक दोघं होते, एक गोरे गृहस्थ आणि त्यांच्याबरोबर दिल्लीहून आलेले एक सल्लागार. दोघेही भले वाटले. गोऱ्या गृहस्थांनी खाली बसून एका मुलाला इंग्रजीत नाव विचारलं, तर पठ्ठ्याने नाव, वर्ग, शाळा आणि पप्पांच्या गाडीचा रंग एका दमात इंग्रजीत सांगून टाकला. दुसरी मुलगी माझ्या पदराला धरून मोठ्याने म्हणाली, "आन्टी, इथे एसी का नाही?" सर हसले, पाहुणे हसले, मी मात्र घाईघाईने तिच्या हातात बिस्किट कोंबलं.

पाहुण्यांनी कुणाही आईला भेटायचं म्हटलं नाही. त्यांची दुपारची दुसरी भेट ठरलेली होती. जाताना त्यांनी नमस्कार केला आणि सरांना वाटलं, आपण जिंकलो.

पावसाळा सरल्यावर पत्र आलं. भाषा अगदी गोड. तुमच्या कार्याबद्दल आदर आहे, पण कामगिरीच्या परीक्षणाच्या आधारे पुढच्या एप्रिलपासून मदत चालू ठेवता येणार नाही. बस्स, एवढंच. त्या परीक्षणात काय लिहिलंय, याचा एक शब्द नाही.

मी उलट लिहिलं, परीक्षण पाठवा. उत्तर आलं, तो अंतर्गत दस्तऐवज आहे.

माझं डोकं फिरलं ते तेव्हा. दर तीन महिन्यांनी हे लोक आमच्याकडून काय काय मागवत. मुलांची वजनं, उंची, हात धुतानाचे फोटो, कोणता साबण वापरता, आया किती समाधानी आहेत ते एक ते पाच यात सांगा. एकदा एका आईला मी तो प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, "ताई, जेवन झाल्यावर इचारताय का आधी?" आम्ही सगळं देत होतो आणि त्यात मला काही गैर वाटत नव्हतं. पैसा दुसऱ्याचा असेल तर जाब द्यायलाच हवा. पण आमच्याबद्दल लिहिलेलं आम्हालाच दाखवायचं नाही, हे कुठल्या देशातलं शहाणपण? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, तसली गत.

सर म्हणाले, "ताई, धर्माची गाय, तिचे दात काय बघायचे? इतकी वर्षं दिलं ना त्यांनी. आता आभार मानायचे आणि दुसरा कुणी शोधायचा."

"सर, गाय नेताना निदान का नेतोय ते तरी सांगतील की नाही?"

त्यांनी विषय बदलून गॅसचा खर्च विचारला. त्या शुक्रवारचं काहीतरी त्यांना टोचत असणार.

दात्यांच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, की ज्यांच्यासाठी आम्ही काम करतो त्यांना आम्ही उत्तर द्यायला बांधील आहोत. मी ते वाक्य उचललं. दर सोमवारी मुलं आत आली, रडणारी शांत झाली, की मी मेल उघडायची, वर त्यांचंच वाक्य टाकायची आणि खाली एक ओळ लिहायची, कृपया परीक्षण पाठवा. बाकी काही नाही. रागाचा शब्द नाही, विनवणीही नाही. माझ्या नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, तू त्या लोकांना गॅसवाला समजतेस. मी म्हटलं, गॅसवाला शेवटी येतोच की नाही?

कंटाळून म्हणा, लाजून म्हणा, नाताळच्या आधी दोन पानं आली. मी सगळं वाचलं नाही, एका परिच्छेदावरच थांबले. त्यात लिहिलं होतं, की केंद्रातली मुलं सुस्थितीतल्या घरांतली आहेत, इंग्रजी माध्यमात शिकतात, आणि परिसरातले कारखाने बंद अवस्थेत असल्यामुळे काम करणाऱ्या मातांची संख्या नगण्य असावी. सबब गरज सिद्ध होत नाही.

मला आधी हसू फुटलं. मग स्वयंपाकीण मला विचारायला आली, काय झालं, तेव्हा लक्षात आलं की मी रडत होते. इतक्या आयांचं भविष्य एका सुट्टीच्या दिवसावरून आणि दिव्यांच्या बुटांवरून ठरलं होतं.

सरांना मी ती पानं वाचून दाखवली. ते वाडीत होते, हातात कोयता. तो खाली ठेवून केळीच्या बुंध्याशी बसले.

"आपणच केलं हे, ताई."

"अर्धं आपण केलं," मी म्हटलं. "अर्धं त्यांनी. कुठल्याही रखवालदाराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, आज शुक्रवार आहे."

सरांचं म्हणणं, गुपचूप एक माफीपत्र पाठवावं. मी म्हटलं, नाही. आधी शनिवारच्या सभेत सांगायचं.

ही शनिवारची सभा आमच्याकडे पहिल्यापासून आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, गाळे सुटले की आया पाळणाघरातच चटयांवर बसतात. सुरुवातीच्या दिवसांत एकदा डाळ फारच पातळ झाली होती आणि बाया दाराबाहेर कुजबुजत होत्या. मी म्हटलं, मागे बोलू नका, समोर बोला. तेव्हा स्वयंपाकीण आपणहून उभी राहिली आणि डाळ का पातळ झाली ते तिने सांगितलं. तेव्हापासून तो रिवाजच पडला. ज्याला जाब विचारायचा त्याने उभं राहायचं, बाकीच्यांनी बसायचं. उभ्या माणसाला कुणी मध्येच तोडायचं नाही, आणि उत्तर पुरं झाल्याशिवाय त्याने बसायचं नाही. मी उभी राहिले आहे. न विचारता सुट्टी जाहीर केली तेव्हा चांगली तासली होती मला. सरांवर मात्र तोवर कधी ती वेळ आली नव्हती.

त्या शनिवारी सर उभे राहिले. आयुष्यभर वर्गापुढे उभं राहिलेला माणूस, पण हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. त्यांनी काही लपवलं नाही. पाहुण्यांना नाही म्हणवलं नाही, तुम्हाला त्रास नको म्हणून दुसरी मुलं आणली, आणि त्यामुळे पाळणाघर बंद पडायची वेळ आली, असं सरळ सांगितलं.

मग डब्यांच्या गाळ्यातली आई बोलली. ती एरवी फार बोलत नाही.

"सर, त्या दिवशी माझा पोरगा घरीच होता. कपडे धूत होते मी. आनला असता. मला कोनी इचारलंच नाय."

"चुकलं माझं," सर म्हणाले.

"तुमी चुकलात, तुमी उभे राहिलात. झालं. पन ते पावने आले, बघून गेले, लिवून मोकळे झाले. त्यांना कोन उभं करनार?"

बाया हसल्या. ती हसली नाही. मीही हसले नाही, कारण मी सोमवारी सोमवारी जे मागत होते ते याच्यापुढे अगदीच मिळमिळीत वाटायला लागलं होतं. ते आमची परीक्षा घेतात, तर त्यांचीही कुणीतरी घ्यायला हवी, आणि ती आमच्याशिवाय दुसरं कोण घेणार?

त्याच बैठकीत प्रश्न निघाले. मी फळ्यावर लिहीत गेले. आम्ही काम करतो त्या दिवशी तुम्ही आलात का? एका तरी आईशी बोललात का? मुलांना खायला काय द्यायचं ते बदलताना आधी विचारलंत का? आमच्याबद्दल लिहिलेलं आम्हाला दाखवलंत का? मदत बंद करायच्या आधी आमचं म्हणणं ऐकलंत का? बिस्किटांच्या गोदामातली एक बाई म्हणाली, चांगलं पन लिवा, नायतर म्हनतील या बाया भांडखोर. ते बरोबर होतं. म्हणून हेही लिहिलं, की पैसे नेहमी सांगितल्या वेळी आले, आणि महापुराच्या वर्षी त्यांनी न मागता मुलांसाठी चटया नि भांडी पाठवली. एकेका प्रश्नावर हात वर करून पास की नापास ते ठरलं. दोनदा पास, बाकी नापास.

सर म्हणाले, माझं चुकलं तेही सगळ्यांत वर लिहा. तसं लिहिलं. मग मी ते इंग्रजीत करून पाठवलं आणि मराठी प्रत पाळणाघराच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल अशी लावली. वर लिहिलं, 'आमच्या दात्यांचं परीक्षण'. सरांना भिंतीचं जरा जड गेलं. मी म्हटलं, सर, आपण स्वतःची चूक भिंतीवर लावलीय, मग त्यांची का नको?

भिंतीवरच्या कागदाची बातमी वाऱ्यासारखी पसरली. शेजारच्या गाळ्यांचे मालक चहा पिता पिता वाचून जायचे. विरारकडच्या एका संस्थेची बाई येऊन मोबाइलवर फोटो काढून गेली. म्हणाली, आमच्याकडेही असंच आहे, पण आमची हिंमत होत नाही. मी तिला म्हटलं, हिंमत नाही हो, नाइलाज आहे. पण खोटं कशाला बोलू, मला मनातून फार बरं वाटलं होतं.

फेब्रुवारीत दात्यांच्या दिल्लीच्या ऑफिसातून एक मुलगी आली. मूळची नागपूरची, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. तारीख तिने आम्हालाच विचारली होती. आम्ही सभेचाच शनिवार दिला आणि म्हटलं, दुपारीच या, पाळणाघर चालू असताना. या वेळी रांगोळी नव्हती, हार नव्हते. ती आली तेव्हा एक मूल शी करून बसलं होतं, दोघांची एकाच डब्यावरून मारामारी चालली होती आणि पत्र्याखाली नुसती काहिली होत होती. ती चपला काढून आत आली आणि कोपऱ्यात बसून संध्याकाळपर्यंत बघत राहिली. मला ती तेव्हाच आवडली.

गाळे सुटले, आया आल्या. सरांनी तिच्यासाठी खुर्ची आणवली होती. रिवाज मी तिला आधी सांगितला नव्हता. खरं तर सांगायला जीभ रेटली नाही, एवढं मी कबूल करते. सर मात्र सभा सुरू करताना नेहमीसारखं म्हणाले, की ज्यांना उत्तर द्यायचंय ते उभे राहतील. तिने खुर्चीकडे बघितलं, आयांकडे बघितलं, आणि उठून उभी राहिली.

"विचारा," ती म्हणाली.

पहिला प्रश्न शुक्रवारचाच होता. ती म्हणाली, "ॲक्च्युअली तारीख फ्लाइटवरून ठरली. गुरुवारी ते दुसरीकडे होते, शनिवारी परत जायचं होतं. शुक्रवारी इथे काय असतं, ते आमच्या ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं."

"आनि आयांना का नाय भेटले?"

"त्यांच्या फॉर्ममध्ये तो मुद्दाच नव्हता."

"मंग तो फॉर्म कोनी केला?"

"आमच्या मुख्य ऑफिसने. ते तिकडे बसतात. इथे कधी आलेले नाहीत."

"तुमी चूक केली तर तुमाला कोन इचारतं?" हे डब्यांच्या गाळ्यातल्या आईने विचारलं.

त्या मुलीच्या कपाळावर घाम होता, पण घाम सगळ्यांच्याच कपाळावर होता. मग ती म्हणाली, "कुणी नाही. पैसे कुठे गेले ते विचारतात. आम्ही चुकीच्या माणसाचं चुकीचं लिहिलं तर विचारायची सोय नाही." आणि ती बसली नाही. रिवाज कुणी न सांगता तिला कळला होता. अजून काही आहे का, असं तिनेच विचारलं.

ती गेल्यावर सर म्हणाले, ही पोरगी माझ्या शाळेत असती तर मी हिला मॉनिटर केलं असतं.

मार्च अर्धा झाला तेव्हा उत्तर आलं. जुनं परीक्षण मागे घेतलं होतं. मदत चालू राहील, निर्णयाचा फेरविचार झाला आहे, असं लिहिलं होतं. सरांना सांगायला मी फोन हातात घेतला. मग शेवटचा परिच्छेद. त्यात एक अट होती. दात्यांच्या परीक्षणाचा तो कागद सार्वजनिक जागेवरून काढून टाकावा आणि इतर संस्थांना देऊ नये. असे विषय दोघांमध्ये, विश्वासाने बोलावेत.

आता काय करायचं? मी तो कागद घेऊन बसले आणि माझ्या डोळ्यांपुढे सहावीतली ती पोरगी आली. संध्याकाळी ती कधी कधी भावाला न्यायला यायची. दप्तर पाठीवर, भाऊ कडेवर. मला खरंच वाटलं, काढून टाकू. कागद तो कागद, भिंत रिकामी झाली तर कुणाचं काय जातंय? माझी सगळी सोमवारची जिद्द त्या एका पोरीपुढे गळून पडली. स्वतःच्या पोटाला चिमटा काढून तत्त्व सांभाळणं वेगळं, दुसऱ्याच्या पोरीच्या शाळेवर सांभाळणं वेगळं.

महिनाअखेरीपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून आयांना मधल्याच शनिवारी बोलावलं. मी उभी राहिले, कारण या वेळी जबाबदारी माझी होती. भिंतीवर लावायचा हट्ट माझाच होता. पत्र वाचून दाखवलं आणि माझं मतही सांगितलं, काढून टाकावा. सर म्हणाले, मी या वेळी मत देणार नाही, मागच्या वेळी माझंच मत चाललं होतं.

सगळ्या बाया एकीकडे बघत होत्या. कुठे, ते सांगायला नको. डब्यांच्या गाळ्यातली आई मांडीवर पोरगा घेऊन बसली होती. तो झोपला होता.

"काढायचा नाय," ती म्हणाली.

"अगं, तुझ्या पोरीची शाळा…" मी म्हटलं.

"तेच सांगते ना, ताई. गेल्या बारीला तुमी आमाला झाकून ठेवलंत, आनि दार बंद व्हायला आलं. आता त्यांचं झाकून ठेवायचं. म्हंजे पुन्ना तेच. उद्या दुसऱ्या कोनाच्या पाळनाघराचं असंच चुकीचं लिवतील, आनि त्या बाईला कळनार पन नाय की त्यांना इचारता येतं."

मी पत्र मिटून खाली ठेवलं.

"आनि एक रकाना वाढवा त्या कागदावर," ती पुढे म्हणाली. "आमचं काम कसं झालं ते ते लिवतात. पोरांची वजनं वाढली की लिवतात, आमच्यामुळं वाढली. बरोबर हाय, त्यांच्यामुळं पन वाढली. मंग पाळनाघर बंद झालं आनि माझी पोरगी घरी बसली, तर ते बी त्यांच्याच रकान्यात लिवायचं. माझ्या नाय, तुमच्या नाय. त्यांच्या."

हात वर झाले. एका बाईचा उशिरा झाला, पण झाला. मी कुणाला दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मीच रडले असते.

दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं. आभार मानले, मनापासून मानले. कागद भिंतीवर राहील असं लिहिलं, आणि नवा रकाना कशाचा आहे तेही लिहिलं. खाली सगळ्या आयांच्या सह्या आणि अंगठे. सर पोस्टात गेले नाहीत, मेल होती, पण माझ्या शेजारी बसून राहिले आणि मी बटण दाबेपर्यंत हलले नाहीत. एप्रिल उजाडला तरी उत्तर नव्हतं. गाळ्याचं भाडं सरांनी दिलं, आणि बिस्किटांच्या गोदामाच्या मालकाने, ज्याने आमच्या भिंतीपुढे उभं राहून सगळा कागद वाचला होता, तांदूळ पाठवले. त्या दिवसांत मी फार वाईट झोपले आणि सगळ्यांवर खेकसत होते. घरच्यांनी ते सहन केलं.

एप्रिलच्या शेवटाला उत्तर आलं. अट मागे घेतली होती. मदत एक वर्षासाठी मिळणार होती, पुढचं पुढे बघू. शिवाय नव्या फॉर्मचा मसुदा जोडला होता. त्यात पहिलाच प्रश्न होता, की ज्यांच्यासाठी हे केंद्र आहे त्यांच्याशी तुम्ही किती वेळ बोललात. हा प्रश्न परीक्षकासाठी होता, आमच्यासाठी नव्हता. एक वर्ष म्हणजे फार नाही, हे मला कळतं. वर्ष सरलं की पुन्हा भांडावं लागणार आहे आणि मी भांडणार आहे.

मे महिन्यात शाळेचा निकाल लागला. ती पोरगी प्रगतिपुस्तक घेऊन थेट पाळणाघरात आली, आईच्या गाळ्यावर जायच्या आधी. सातवीत गेली होती, गणितात जेमतेम. मी पेन घेऊन बाहेरच्या भिंतीशी गेले, तशी तीही मागोमाग आली. नव्या रकान्यात मी लिहिलं, 'मुलगी सातवीत गेली'. पोरीने वाचलं आणि म्हणाली, "पन हे तर त्यांच्या रकान्यात लिवलंत." मी म्हटलं, हो, त्यांचंही आहे ते. मग ती म्हणाली, "आनि आईच्या?" आईसाठी रकाना आम्ही केलाच नव्हता. मी तिथेच उभ्या उभ्या एक रेघ ओढली आणि पेन तिच्या हातात दिलं.